नागपूरचा कूलर डोंबिवलीत का चालत नाही?

मे महिन्यात टीव्हीच्या खालच्या पट्टीवर आकडे सरकत असतात : चंद्रपूर ४५, अकोला ४४, नागपूर ४४, मुंबई ३४. विदर्भातला माणूस तो ३४ बघतो आणि म्हणतो, मजा आहे मुंबईवाल्यांची. नेमका त्याच वेळी मुंबईतला माणूस लोकलमधून उतरून पाठीला चिकटलेला शर्ट सोडवत असतो आणि त्याला एक पाऊल टाकणं नकोसं झालेलं असतं. दोघंही खरंच बोलतात. पण दोघांचं खरं असणं नुसत्या तापमानाच्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी पाण्याच्या थेंबात शिरावं लागतं.

मी नागपुरात वाढलो आणि नोकरीसाठी डोंबिवलीत आलो. पहिल्याच उन्हाळ्यात घरचा कूलर टेम्पोत घालून इकडे आणला. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, मागे छोटा पंप. नागपुरात नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक तापणाऱ्या दिवसांतल्या, दुपारी याच कूलरपुढे मी चादर ओढून झोपलेलो आहे. डोंबिवलीत तो लावला त्या रात्री दोन तासांत उशी दमट झाली, फरशीवर पाय सरकू लागला, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं वळली आणि घाम काही थांबला नाही. कूलर तोच होता, ताट्या नव्या होत्या, पाणी पुरेसं होतं. बदलली होती ती फक्त हवा.

माठाचंही तसंच. नागपुरात ४४ अंशांच्या दुपारी सावलीत ठेवलेल्या माठातलं पाणी मुंबईत ३४ अंशांच्या दुपारी ठेवलेल्या माठातल्या पाण्यापेक्षा जास्त गार असतं. हे वाचायला विचित्र वाटतं, पण त्यात जादू काही नाही. शाळेत आपण पदार्थाचे कण, घनता आणि उष्णता असे तीन वेगवेगळे धडे गिरवले. ते एकत्र ठेवले की उत्तर हाती येतं.

## सगळं कणांचं, आणि कण सतत हलणारे

पाणी, हवा, माती, लोखंड, आपलं शरीर हे सगळं अतिशय बारीक कणांचं बनलेलं आहे. पाण्याच्या अशा कणाला रेणू म्हणतात. आपण इथे बहुतेक वेळा नुसतं ‘कण’ म्हणू. कण किती बारीक? ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबात पाण्याचे जेवढे कण असतात तो आकडा एकावर एकवीस शून्यांपेक्षाही मोठा आहे.

हे कण कधीही स्वस्थ नसतात. घन पदार्थात ते सकाळच्या भरलेल्या लोकलमधल्या माणसांसारखे असतात. अंग हलतं, धक्के बसतात, पण जागा बदलता येत नाही. द्रवात ते स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीसारखे असतात, एकमेकांना खेटून, तरी पुढेमागे सरकत. वायूत मात्र पहाटे रिकाम्या फलाटावर दोन-चार पोरं मोकाट धावावीत तसं असतं, मधे नुसती मोकळी जागा. आपल्या खोलीतल्या हवेत नायट्रोजनचा कण सरासरी ताशी साधारण १,७०० किलोमीटर वेगाने धावत असतो. तरी खोलीच्या एका कोपऱ्यातल्या उदबत्तीचा वास दुसऱ्या कोपऱ्यात लगेच पोहोचत नाही, कारण प्रत्येक कण पावलोपावली दुसऱ्याला आपटून दिशा बदलत राहतो.

‘हे कुणी पाहिलंय का?’ हा प्रश्न रास्त आहे. पदार्थ अविभाज्य कणांचा असतो ही कल्पना आपल्याकडे कणादांच्या वैशेषिक दर्शनात आहे, ग्रीकांकडेही होती. पण ती विचारातून आलेली होती, मोजमापातून नव्हे, आणि हा फरक आपण अभिमानाच्या भरात विसरू नये. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले, परागकणांतून निघालेले बारीक कण आपोआप थरथरताना दिसले. पाण्याचे न दिसणारे रेणू त्यांना सगळीकडून धक्के देतात म्हणून ते थरथरतात, हे आइनस्टाइनने १९०५ मध्ये गणिताने मांडलं. झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते प्रयोगांनी पक्कं केलं आणि त्यासाठी १९२६ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे ज्या कणांवर आज शाळेतला अख्खा धडा उभा आहे, ते खरोखर आहेत हे निर्विवाद सिद्ध होऊन जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली आहेत.

## तापमान वेगळं, उष्णता वेगळी

रोजच्या बोलण्यात आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणग्यांचं तापमान हजार अंशांच्या वर असतं. त्या हातावर उडतात, जरा टोचल्यासारखं होतं आणि संपतं. आंघोळीच्या बादलीतलं पाणी असतं फक्त ४५ अंशांचं, पण त्या बादलीत जेवढी उष्णता आहे तेवढी शेकडो ठिणग्या मिळूनही देऊ शकणार नाहीत. तापमान म्हणजे कण सरासरी किती जोरात हलताहेत त्याचं माप. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाणारी ऊर्जा, आणि ती किती जाईल हे कण किती आहेत, कशाचे आहेत यावरही ठरतं.

ही ऊर्जा मोजायला कॅलरी हे माप सोपं पडतं : एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक कॅलरी. (बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेली कॅलरी अशा हजार कॅलरींची असते.)

पाणी याबाबतीत फार जड आहे, लवकर तापत नाही. तेवढीच उष्णता कोरड्या वाळूला दिली तर ती साधारण पाचपट जास्त तापते. किनाऱ्यावर भर दुपारी वाळूत पाय भाजतात आणि दोन पावलांवर पाणी गार लागतं ते म्हणूनच. त्यातच सूर्याची उष्णता समुद्राच्या पाण्यात खोलवर वाटली जाते, जमिनीवर ती वरच्या थरातच अडकते. म्हणून दुपारी जमीन तापते, समुद्र मागे राहतो, समुद्रावरून वारा येतो आणि मुंबईचा पारा ३४-३५ वर अडतो. नागपूरला समुद्र जवळ नाही, त्यामुळे तिथल्या पाऱ्याला असा अडवणारा कुणी नाही.

पण समुद्रावरचा वारा नुसता गारवा घेऊन येत नाही. त्याच्याबरोबर बाष्प येतं.

## पाणी शंभर अंशांना उकळतं, मग वाळत घातलेला कपडा सुकतो कसा?

तापमान म्हणजे कणांच्या हालचालीची *सरासरी*. या सरासरी शब्दातच उत्तर आहे. एखाद्या वर्गाला सरासरी साठ गुण पडले म्हणून प्रत्येकाला साठ पडलेले नसतात. कुणाला पस्तीस असतात, कुणाला पंच्याण्णव. तसंच ३० अंशांच्या पाण्यात काही कण मंद असतात, बरेच मध्यम आणि थोडे अतिशय चपळ. पृष्ठभागाजवळचा एखादा चपळ कण शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. त्यासाठी सगळ्या पाण्याने शंभर अंशांवर जायची गरज नसते. हेच बाष्पीभवन. ते बर्फाळ थंडीतही चालूच असतं, फक्त हळू.

आता त्या वर्गातली नव्वदच्या वरची मुलं दुसऱ्या शाळेत गेली असं समजा. मागे राहिलेल्या एकाही मुलाचा गुण कमी झालेला नाही, तरी वर्गाची सरासरी घसरली. पाण्याचं तेच होतं. चपळ कण निघून गेले की उरलेल्यांची सरासरी उतरते, म्हणजेच तापमान उतरतं. पाणी कुणी गार ‘केलं’ नाही, सगळ्यात जास्त ऊर्जा असलेले कण ती ऊर्जा घेऊन निघून गेले.

आणि जाताना ते किती घेऊन जातात, हा आकडा मला आजही थक्क करतो. उन्हाळ्याच्या साध्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने तापलं असतं. ही उष्णता तापमान वाढवण्यात खर्च होत नाही, कणांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते, म्हणून थर्मामीटरला ती दिसत नाही. म्हणूनच तिला अप्रकट उष्मा म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने ती पहिल्यांदा नीट मोजली.

कुकरच्या वाफेने भाजणं उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा जास्त खोल का जातं, तेही इथेच कळतं. वाफ त्वचेवर पाणी होते तेव्हा आधी ही लपलेली उष्णता, ग्रॅममागे ५४० कॅलरी, त्वचेच्या हवाली करते आणि मग त्या पाण्याची उष्णता वेगळी. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांना हे आकडे ठाऊक नसतील, अनुभव पुरेसा होता.

## माठाच्या पोटात

वर्ध्याजवळ आजीच्या घरी ओसरीवर रांजण होता, वाळूच्या ढिगात कमरेपर्यंत रुतवलेला. सकाळी विहिरीचं पाणी भरलं की दोन-तीन तासांनी त्याच्या बाहेरून काळपट ओल दिसायला लागायची. आजी तळवा टेकवून बघायची आणि म्हणायची, “माठाले घाम सुटला का पाणी गार झालं समज.” मी तेव्हा ते बोलणं गमतीचं समजत होतो. ते शब्दशः बरोबर होतं.

भाजलेल्या मातीत अतिशय बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपत बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथून उडतं. उडताना लागणारी उष्णता ते माठाच्या भिंतीकडून घेतं, भिंत आतल्या पाण्याकडून घेते. हिशेब करून बघू. माठात दहा लिटर पाणी आहे आणि ते ४० अंशांवरून २६ वर आणायचंय. दहा हजार ग्रॅम गुणिले चौदा अंश, म्हणजे १ लाख ४० हजार कॅलरी. भागिले ५८०. उत्तर येतं सुमारे २४० ग्रॅम. दहा लिटर गार करायला पाव लिटर पाणी उडालं की झालं! प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा सतत उष्णता आत ढकलत असते, त्यामुळे जास्त उडतं, पण हिशेबाचा अंदाज हाच.

पण गार होते ती भिंत. मधलं पाणी गार कसं होतं? इथे घनता येते. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वजन मावलंय ते. पाणी गार झालं की त्याचे कण जरा जवळ येतात, तेवढ्याच जागेत जास्त कण मावतात, म्हणजे घनता वाढते. भिंतीजवळचं गार झालेलं पाणी जड होऊन खाली घसरतं, मधलं कोमट पाणी त्याची जागा घ्यायला वर आणि कडेला सरकतं. माठाच्या आत न दिसणारं असं चक्र तासन् तास चालू असतं. तोटीच्या माठात तोटी खाली असते, आणि नेमकं सगळ्यात गार पाणी तिथेच जमतं.

(गार झालं की जड, हा नियम पाण्याच्या बाबतीत ४ अंशांपर्यंतच चालतो. त्याखाली पाणी उलट फुगू लागतं, आणि बर्फात तर त्याचे कण अशा जाळीत बसतात की मधे रिकाम्या जागा राहतात. म्हणून पाण्याची घनता १ आणि बर्फाची ०.९२ च्या आसपास, आणि म्हणून सरबतात बर्फ तरंगतो. माठाला मात्र ४ अंशांशी काही देणंघेणं नाही.)

दोन-तीन उन्हाळे झाले की माठ गार करेनासा होतो. माती खराब झालेली नसते. पाणी उडून जातं तेव्हा त्यातले क्षार मागे राहतात आणि छिद्रं बुजवतात. बोअरच्या जड पाण्याने हे लवकर होतं. बाहेरून पांढरी पुटं दिसायला लागली की काथ्याने घासून बघा, थोडा फरक पडतो. साबण लावू नका, तो छिद्रांत शिरतो. आणि बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला, चकचकीत माठ घेऊच नका, कारण त्याची छिद्रं विकत घेतानाच बुजलेली असतात.

## मग माठ फ्रीजसारखा गार का होत नाही?

कारण ही वाहतूक दुतर्फा असते. पाण्यातले कण हवेत जातात तसे हवेत आधीपासून असलेले बाष्पाचे कण भटकत भटकत पाण्यावर येऊन आदळतात आणि चिकटतात. येताना ते आपली लपलेली उष्णता परत देतात. हवेत बाष्प कमी असेल तर जाणारे खूप आणि येणारे थोडे, त्यामुळे गारवा भरपूर. बाष्प जास्त असेल तर जेवढे गेले जवळजवळ तेवढेच आले, गारवा नाममात्र.

हवेत किती बाष्प आहे हे आपण टक्क्यांत ऐकतो. त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात : त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प बाळगू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प आत्ता आहे. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४ अंशांना आर्द्रता १५ टक्के, मुंबईत ३४ अंशांना ७० टक्के, असं धरू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. नागपुरातल्या त्या खोलीतलं सगळं बाष्प पिळून काढलं तर साधारण पाव लिटर पाणी निघेल. मुंबईतल्या खोलीतून जवळपास पाऊण लिटर. तुमच्या बेडरूमच्या हवेत, कुणाला न दिसता, पाऊण लिटर पाणी तरंगतंय.

बाष्पीभवनाने एखादी ओली वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, हे मोजायची सोपी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा आणि त्यावर वारा घाला. पारा उतरत उतरत जिथे थांबतो ते ‘वेट बल्ब’ तापमान. त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही, कूलर नाही आणि आपलं घामेजलेलं अंगही नाही.

वर धरलेल्या आकड्यांवरून हे तापमान काढलं तर नागपूरचं येतं सुमारे २३ अंश. मुंबईचं येतं सुमारे २९.

४४ अंशांचं नागपूर ओल्या फडक्याला २३ पर्यंत उतरू देतं. ३४ अंशांची मुंबई २९ वर अडवते. माझा कूलर डोंबिवलीत नापास झाला तो या सहा अंशांमुळे.

## दमट हवा जड असते ना?

‘हवा जड झालीय’ असं आपण पावसाच्या आधी म्हणतो. छातीवर दडपण आल्यासारखं वाटतंही. पण वजनाच्या हिशेबात गोष्ट उलटी आहे. त्याच तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा *हलकी* असते.

कारण पुन्हा कणच. तापमान आणि दाब सारखा असेल तर ठरावीक जागेत वायूचे कण संख्येने सारखेच असतात, मग ते कुठल्याही वायूचे असोत. नायट्रोजनच्या कणाचं वजन २८ धरलं तर ऑक्सिजनच्या कणाचं ३२ आणि पाण्याच्या कणाचं फक्त १८. हवेत बाष्प शिरतं म्हणजे २८ आणि ३२ वजनाचे काही कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी १८ वाले येतात. खोलीतली माणसं तेवढीच, पण काही पैलवानांच्या जागी शाळकरी पोरं आली, तर एकूण वजन घटणारच. हवेला मुळात वजन असतं याचंच अनेकांना नवल वाटतं. त्या दहा फुटी खोलीतली हवा ३० किलोंहून जास्त भरते.

हलकी म्हणून दमट हवा वर चढते. वर गेल्यावर गार होते, बाष्पाचे थेंब होतात, ढग बनतो आणि बाष्पाने जमिनीवरून, समुद्रावरून उचललेली ती लपलेली उष्णता ढगात मोकळी होते. त्याने आजूबाजूची हवा पुन्हा तापते, आणखी वर उसळते. मे महिन्याच्या संध्याकाळी अर्ध्या तासात आभाळ काळं करून, झाडं वाकवून जाणारा वळीव याच उष्णतेवर चालतो. माठाच्या भिंतीवरून एक ग्रॅम पाणी उडताना जो व्यवहार होतो, तोच इथे लाखो टनांनी होतो.

## फॅन, कूलर, एसी : तिघांची कामं वेगळी

फॅन हवा गार करत नाही. बंद खोलीत तो चालू ठेवून बाहेर गेलात तर मोटारच्या उष्णतेने खोली किंचित तापलेलीच मिळेल. त्वचेला लागून घामाच्या बाष्पाने भरलेला हवेचा पातळ थर असतो, तो थर फॅन हटवतो आणि घाम पुन्हा उडू लागतो. मुंबईत म्हणूनच फॅनशिवाय जगणं अशक्य होतं. नागपुरात ४४ अंशांत मात्र त्वचा कोरडी असेल तर फॅन तुमच्या अंगावर तुमच्यापेक्षा गरम हवा मारतो. ओला पंचा पांघरून फॅनखाली बसलात तर हाच फॅन कूलरचं काम करतो.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. नागपुरात तो ४४ ची हवा २७-२८ वर आणतो. डोंबिवलीत ३४ ची हवा फार तर ३० पर्यंत उतरते आणि वर खोलीत तासाला काही लिटर पाणी भरतं. आधीच दमट असलेल्या खोलीत हे बाष्प घामाची वाट आणखी अडवतं. कूलर चालवायचाच तर समोरची खिडकी उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. बंद खोलीत नागपुरातही तो तासाभरात चिकचिक करतो.

‘मग कूलरमध्ये बर्फ टाकला तर?’ मीही टाकून बघितला. बर्फ वितळताना ग्रॅममागे ८० कॅलरी घेतो, पाणी उडताना ५८०. पाच किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता घेईल तेवढी पाऊण लिटरपेक्षा कमी पाणी उडून घेतं. पाच किलो बर्फ फोडण्याची मेहनत आणि पैसे या फरकासाठी घालू नयेत.

एसीचं बलस्थान नुसतं तापमान उतरवण्यात नाही. त्याच्या आतल्या गार नळ्यांवर खोलीतलं बाष्प पाणी होऊन बसतं आणि पाइपातून बाहेर ठिबकतं. ते पाणी तुमच्या खोलीच्या हवेतलं असतं. दमट शहरात एसीची बरीच वीज हवा गार करण्याऐवजी हे पाणी काढण्यातच जाते. तो भिंतीवर उंच लावतात ते घनतेमुळे : गार हवा जड, आपोआप खाली उतरते.

## आणि आपलं शरीर?

हे सगळं मी लिहितोय ते मुळात या भागासाठी. माठ गार झाला नाही तर कोमट पाणी प्यावं लागतं, एवढंच. शरीर गार झालं नाही तर माणूस मरतो.

आपलं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं आणि त्वचा असते साधारण ३५ ची. बाहेरची हवा त्याहून गार असेल तोवर शरीराची उष्णता हवेत जात राहते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की उष्णता उलट आत येऊ लागते आणि हातात एकच उपाय उरतो, घाम. पण घाम *आला* म्हणून गारवा येत नाही, तो *उडाला* तर येतो. निथळून जमिनीवर पडलेला घाम म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि मीठ.

म्हणून कोरड्या आणि दमट गरमीचे धोके वेगळे आहेत. विदर्भात घाम येताक्षणी उडतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे किती पाणी गेलं हे कळत नाही. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तिथे माणूस पाणी संपून पडतो. कोकणपट्टीत अंगात पाणी असतं, घामही वाहत असतो, पण तो उडत नाही. तिथे माणूस पाणी असूनही तापतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांतही हा फरक आहे : उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश लागतं, किनारपट्टीवर ३७ पुरतं.

वेट बल्ब तापमान ३५ झालं तर घाम उडून त्वचा ३५ च्या खाली येऊच शकत नाही आणि आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. सावलीत, फॅनखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं गणित सांगतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर केलेल्या प्रयोगांत दमट हवेत ही मर्यादा त्याहून बरीच आधी, साधारण ३१ अंशांच्या आसपास, येऊ लागलेली दिसली. म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी ती आणखी खाली असणार. मुंबईच्या वर काढलेल्या २९ शी हा आकडा ताडून पाहा. पत्र्याच्या घरात, जिथे छत दिवसभर तापतं आणि हवा हलत नाही, तिथे हे अंतर किती थोडं उरतं!

एखादा माणूस गरमीत असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, अंग चटका लागेल इतकं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. नुसतं पाणी नव्हे, नुसता वारा नव्हे, दोन्ही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

## घरी मोजून बघा

बाजारात भिंतीवर लावायचे साधे थर्मामीटर मिळतात, ताप बघायचे नव्हेत. दोन आणा. एक तसंच ठेवा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीचं फडकं गुंडाळा आणि फडक्याचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही फॅनच्या वाऱ्यात ठेवून पंधरा मिनिटांनी वाचा. दोघांत दहा अंशांहून जास्त फरक असेल तर माठ, कूलर, ओला पंचा, खिडकीला वाळ्याचा पडदा, सगळं उपयोगी पडेल. फरक चार-पाच अंशांच्या आत असेल तर पाणी शिंपडणं थांबवा, कपडे घरात वाळत घालू नका, खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा आणि कष्टाची कामं पहाटे उरका. आणि ओल्या फडक्याचा आकडा तिशीकडे सरकू लागला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दर तासाला हाक मारून बघा.

परवा दुपारी मी डोंबिवलीत हे दोन आकडे वाचले : ३२ आणि २८. वर्ध्याला मावशीकडेही असे दोन थर्मामीटर लावून दिले आहेत. तिला फोन केला. तिने चष्मा शोधला, ओसरीवर गेली आणि वाचून सांगितलं : ४३ आणि २४. रांजण अजून तिथेच आहे, वाळूत. त्याला घाम सुटला होता.